एकाच घरातल्या दोन नळ्या

पनवेलच्या जुन्या भागातल्या एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढण्याचं काम करते. त्याला आता वीस वर्षं होत आली. माझं नाव विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही; 'लॅबवाल्या ताई' म्हटलं की मीच. सकाळी उपाशीपोटी येणारे शुगरवाले, गरोदर बायका, कोपरात कापूस दाबून उगाच दहा-दहा मिनिटं बसून राहणारी म्हातारी माणसं, हे माझं रोजचं जग. रिपोर्टमध्ये काय आलं ते आपण पेशंटला सांगायचं नाही, हा आमच्या मॅडमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मॅडम म्हणजे लॅबच्या मालकीण आणि पॅथॉलॉजिस्ट. "आपण मोजायचं. अर्थ डॉक्टर लावतील," असं त्या म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. वाईट बातमी दुसऱ्या कोणीतरी सांगायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात ती सोय राहिली नाही. नाकातला स्वॅब आजार आहे की नाही एवढंच सांगायचा. तो अंगात किती खोल उतरलाय याचा अंदाज डॉक्टर रक्तावरून बांधायचे. शरीरात कुठे मोठी सूज उठली की यकृत रक्तात एक प्रथिन सोडतं, ते सीआरपी. त्याच्या जोडीला फेरिटिन, एलडीएच, डी-डायमर, आणि पांढऱ्या पेशींमधल्या लिम्फोसाइट किती घटल्या ते. त्याआधी ही नावं फक्त आमच्या लॅबच्या यादीत असायची. मग महिन्याभरात ती दूधवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली. लोक फोन करून विचारायचे, "ताई, माझा सीआरपी किती?" जसा दहावीचा निकाल विचारावा.

मी राहते खांदा कॉलनीत. आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर एक कोळीण मावशी पाटी घेऊन बसायची. उरणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव. नवरा खाडीत जाळी टाकायचा, ही विकायची. पन्नाशी उलटलेली, काटक, आवाज खणखणीत. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या बोंबिलापासून मी तिचीच गिऱ्हाईक. मासे निवडताना मी कल्ले उघडून बघायला लागले की ती चिडायची. "माज्यावर इश्वास नाय व्हय?" म्हणायची, आणि मग स्वतःच कल्ले उघडून लालभडक आहेत ते दाखवायची.

त्या उन्हाळ्यात ती आठवडाभर आली नाही. मग एका सकाळी तिचा फोन आला.

"ताई, यांना ताप हाय. पाच-सा दिवस झालं. डागदर बोलला रगत तपास. घरी येशील काय? उठवत नाय त्यांना."

"तुम्ही कशा आहात?"

"मना काय व्हतंय? जरा कसर व्हती. पॅरासिटमल खाल्ली, गेली."

तिचे डॉक्टर आमच्याच कॉलनीतले, तीसेक वर्षं प्रॅक्टिस करणारे. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, दोघांचीही टेस्ट पॉझिटिव्ह आहे, तेव्हा दोघांचंही रक्त घ्या. मी स्कूटरवर पेटी बांधली आणि निघाले.

घराच्या पडवीत पाय ठेवला तोच मावशीच्या नवऱ्याचा, काकांचा, आवाज कानावर आला. ते कण्हत होते, आणि ते कण्हणं शेजारच्या आळीतही ऐकू जात असावं. खाटेवर दोन गोधड्या अंगावर घेऊन पडलेले, डोळे लाल, खोकल्याची उबळ आली की खाट हलायची. मावशी मात्र उभीच्या उभी. चुलीवर पेज ठेवलेली, अंगण झाडलेलं, केसांना तेल. मला बघून म्हणाली, "यांचं बग आदी."

पीपीई किटच्या आत मी घामाने निथळत होते. गॉगलवर वाफ धरली होती. काकांचं रक्त काढलं, तीन नळ्या भरल्या. मग मावशीला खुर्चीत बसवलं. तिची शीर सापडायला वेळ लागला. बर्फात हात घालून घालून तिच्या हाताची कातडी जाड झाली होती. तेवढ्यात काकांना मोठी उबळ आली, ती उठू लागली, मी तिला दाबून बसवलं. तिच्याही तीन नळ्या भरल्या. नळ्यांवर नावं लिहिली, पेटीत ठेवल्या आणि निघाले.

दुपारी बाराच्या सुमाराला मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर दोन रिपोर्ट होते.

"नवरा जास्त आजारी आहे म्हणालीस ना?"

"हो मॅडम. फारच."

"त्याचा सीआरपी पंधरा आहे. लिम्फोसाइट ठीक. डी-डायमर नॉर्मल." त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "ही बायको. सीआरपी एकशे चाळीस. लिम्फोसाइट नऊ टक्के. फेरिटिन, एलडीएच, सगळंच वर."

 मॅडमनी जो प्रश्न विचारला तो मला आधीच ऐकू आला होता.

"नळ्या बदलल्या तर नाहीत?"

आमच्या कामात याहून मोठी चूक नाही. शीर फुकट गेली तर दुसऱ्यांदा टोचता येतं. रक्त गोठलं तर पुन्हा घेता येतं. पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं, तर ते कोणालाच कळत नाही. नियम असा, की एका पेशंटच्या नळ्या भरल्या की तिथेच, त्याच्यासमोर, नाव लिहायचं, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. मी तो वीस वर्षांत कधी मोडला नव्हता. पण त्या सकाळी? काकांच्या नळ्यांवर मी मावशीच्या आधी नाव लिहिलं होतं, की दोघांचं झाल्यावर एकदम? मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. वाफ धरलेला गॉगल आठवला, चुलीवरच्या पेजेचा वास आठवला, पेन हातात धरलेलं आठवलं. क्रम आठवेना.

"मला वाटतं नाही बदलल्या," मी म्हणाले.

"वाटतं?"



मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही नळ्यांचे रक्तगट तपासायला लावले. गट वेगळे निघाले असते तर त्या दोघांच्या जुन्या कागदांवरून ताळा लागला असता. दोघांचाही गट एकच निघाला. हिमोग्लोबिनही जवळपास सारखं. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. स्पीकर चालू होता. डॉक्टर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अहो, बदललेच असणार. कालच व्हिडिओ कॉलवर दोघांना पाहिलंय मी. बाई ठणठणीत आहे. नवऱ्यासाठी बेड बघतो, कुठे मिळतोय का."

त्या दिवसांत एक बेड मिळणं म्हणजे काय होतं, ते पनवेलमध्ये राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. तो एक बेड चुकीच्या माणसाला जाणार होता, किंवा बरोबर माणसाला. आणि ते माझ्या आठवणीवर अवलंबून होतं.

"डॉक्टर, मला दोन तास द्या," मी मध्येच बोलले. "मी परत जाते. दोघांचं पुन्हा घेते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दुपारच्या उन्हात मी पुन्हा त्याच रस्त्याला लागले. रस्ताभर मला एकच वाटत होतं, की चूक माझीच निघावी. तसं मनापासून वाटलं. चूक निघाली असती तर मावशी ठणठणीत ठरली असती, काकांना बेड मिळाला असता, आणि माझी फार तर नोकरी गेली असती. 

या खेपेला मी काकांना घरात ठेवलं आणि मावशीला अंगणात बसवलं. आधी तिचं रक्त घेतलं, नाव लिहिलं, तिला मोठ्याने वाचून दाखवलं, नळ्या वेगळ्या पिशवीत टाकल्या. मग आत जाऊन काकांचं. मावशी बघत होती.

"सकाली घेतलंस ना? परत कशाला?"

"थोडं कमी पडलं," मी खोटं बोलले.

डॉक्टरांनी फोनवर आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावून दोघांना सहा मिनिटं चालायला लावा. काकांना चालवणं कठीणच होतं. ते कण्हत, भिंत धरत पडवीतल्या पडवीत फिरले. आकडा सत्त्याण्णवच्या खाली आला नाही. मावशी बसलेली असताना तिचा आकडा पंच्याण्णव होता. ती अंगणातून तुळशीपर्यंत आणि परत, अशी झपाझप चालायला लागली. तिसऱ्या मिनिटाला त्र्याण्णव. पाचव्या मिनिटाला एकोणनव्वद.

तिला धाप लागलेली दिसत नव्हती. ती फक्त बोलायची थांबली होती. एवढंच. पण ती गप्प आहे, हे मला आकड्याच्या आधी जाणवायला हवं होतं. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, आणि ती पाच मिनिटं गप्प राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी तिथूनच लॅबला आणि डॉक्टरांना फोन केला. नळ्या घेऊन परत गेले. सीआरपी पुन्हा तितकाच आला, थोडा जास्तच. सकाळच्या नळ्या बदललेल्या नव्हत्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, "बेड मिळालाय. पळस्पे फाट्याकडे जाताना लागतं ते हॉस्पिटल. नाव बदलून सांगतो. संध्याकाळच्या आत पोचवा तिला. आणि हे बघा, तुमचं ऐकते ना ती? मग तुम्हीच सांगा. माझं ऐकणार नाही."

मग रिपोर्ट पेशंटला सांगायचा नाही या नियमाचं काय, असं मॅडमना विचारावं असं मनात आलं. त्यांनी माझ्या हातात रिपोर्ट दिला आणि म्हणाल्या, "जा."

तिसऱ्यांदा मला दारात बघून मावशी हसली. "आज हितंच ऱ्हा तू."

मी सांगितलं. शब्द शोधत बसले नाही. म्हटलं, काका बरे होतील, घरीच. तुमचं रक्त चांगलं नाही. तुम्हाला आजच हॉस्पिटलात जायचंय.

ती आधी हसली, मग चिडली. "कन्हतायत ते, आनी हास्पिटलात मी जाऊ? डोकं फिरलंय तुजं. मी सैपाक केला, पानी भरलं. मी आजारी दिसतंय?"

"दिसत नाही, म्हणूनच सांगतेय. मासा वरून चकचकीत असला तरी तुम्ही मला कल्ले उघडून दाखवताच ना? तसंच हे रक्ताचं."

मला वाटलं होतं, हे तिला पटेल. रस्त्यात जुळवून आणलं होतं मी ते.

"मी काय सुरमई हाय?" ती म्हणाली. "जा तू घरी."

ती चुलीकडे वळली. गावातून हॉस्पिटलात गेलेली दोन माणसं परत आली नव्हती, त्यांची प्रेतंही कोणाला बघायला मिळाली नव्हती. ते ती बोलली नाही, पण ते माझ्याही मनात होतं. मी दारात उभी राहिले.  ओढून तर नेता येत नव्हतं.

तेवढ्यात आतलं कण्हणं थांबलं. काका भिंत धरून पडवीत आले. अंगात सदरा घातलेला, बटणं वरखाली लागलेली. 

"कुठं निगालाव?" मावशीने विचारलं.

"हास्पिटलात."

"तुमाला नाय बोलवलं. ताई बोलते मना जायाचं हाय."

"तू जात नायस ना. मग तुज्या जागी मी जातो. जागा फुकट कशाला घालवायची?" त्यांना उबळ आली, ते खाली बसले, पण बोलायचे थांबले नाहीत. "मी तितं गोली खानार नाय, सुई घेनार नाय. घरी पन घेनार नाय. तू जाशील तवाच घेईन."

"लहान पोर हाव काय तुमी?"

"हाय."

मावशी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर पाणी मारलं आणि आत जाऊन एक लुगडं, टॉवेल आणि तेलाची बाटली पिशवीत भरली. गावातल्या एकाचा मासळीचा टेम्पो होता, त्यात पुढे बसून ती गेली. जाताना तिने काकांकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "पेज हाय टोपात. जेवले का ते इचार."

पुढचे बारा दिवस तिचं रक्त दिवसाआड आमच्या लॅबला यायचं. त्या हॉस्पिटलच्या बऱ्याच तपासण्या तेव्हा आमच्याकडे व्हायच्या. नळ्यांच्या खोक्यात मी आधी तिचं नाव शोधायची. ऑक्सिजन लावला होता, स्टिरॉइड सुरू होतं, पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं. मला हे सगळं तिथल्या सिस्टरकडून कळायचं. तिला स्वतःला फोनवर बोलायची परवानगी नव्हती, मास्क काढायचा नव्हता.

काका रोज दुपारी मला फोन करायचे. त्यांचा ताप उतरला होता, कण्हणं थांबलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः भात शिजवत होते. मी मॅडमना विचारलं, त्यांना काही सांगू का? मॅडम म्हणाल्या, "चढलं की उतरलं, एवढंच सांग. त्यापुढे नाही."

काकांनाही आकडे नको होते. ते विचारायचे, "पानी चढतंय का उतरतंय?"

दुसऱ्या नळीला मी सांगितलं, "आहे तिथेच आहे, काका." तिसऱ्या नळीला सीआरपी निम्म्यावर आला. "उतरतंय," मी म्हणाले, आणि पलीकडे त्यांनी फोन खाली ठेवून नाक शिंकरल्याचा आवाज आला. पण चौथ्या नळीला डी-डायमर एकदम वर गेला. रक्तात गुठळी होत असली तर तो वाढतो. मॅडमनी ते बघून लगेच हॉस्पिटलला फोन केला. त्या दुपारी काकांचा फोन आला तेव्हा मी दोनदा तो उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"चढलंय," मी म्हणाले.

 "बरं," ते म्हणाले. "उद्या परत करतो."

इंजेक्शनचा डोस वाढवला. दोन दिवसांनी तो आकडाही खाली आला, आणि मग बाकीचे एकेक करून उतरत गेले. फेरिटिन सगळ्यात हट्टी. ते घरी जायच्या दिवसापर्यंत वरच होतं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. आकडे नेहमी असे शहाण्यासारखे वागत नसत. त्याच उन्हाळ्यात मी माझ्या हाताने चांगला रिपोर्ट दिलेली माणसं चार दिवसांत गेलेली पाहिली, आणि ज्यांच्या कागदाकडे बघून मॅडमनी चष्मा काढून ठेवला होता अशी माणसं चालत घरी गेलेली पाहिली. एकदा मी मॅडमना विचारलं, मग याचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, "अंधारात हात पुढे करून चालतो ना, तेवढाच. भिंत लागते. कधी लागत नाही."

मावशी घरी आली ती अर्धी होऊन. पावसाळाभर तिला पडवीतून अंगणात जाताना मध्ये बसावं लागायचं. केस मूठभर गळले. गणपतीनंतर ती कोपऱ्यावर परत आली, तेव्हा पाटी उचलायला काका बरोबर असायचे. पाटी ठेवून ते जरा बाजूला बसून राहत. आधी कधी आलेच नव्हते ते कॉलनीत.

त्या हिवाळ्यात काकांची शुगर तपासायला मी त्यांच्या घरी गेले. रक्त घेऊन झालं. काका जाळं घेऊन खाडीकडे गेले. मावशी आणि मी अंगणात उन्हात बसलो. बरेच महिने मला तिला एक सांगायचं होतं, ते त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी दुसऱ्यांदा आले ते रक्त कमी पडलं म्हणून नाही. मला वाटलं होतं मी नळ्यांची अदलाबदल केली. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. तो बेड काकांच्या नावावर जाणार होता. मी परत आले नसते तर तुम्ही घरीच राहिल्या असत्या.

मला वाटलं ती रागावेल, निदान दचकेल. ती तांदळातले खडे निवडत होती, निवडत राहिली.

"मना ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू यायच्या आदी दोन दिस. हिरीवरून हंडा आनला, पायरी चढले आनी डोल्यासमोर अंधारी आली. खाली बसले. कोनी नव्हतं, म्हून बरं. मग उठले. केसाला तेल लावलं." तिने सूप पाखडलं. "ते आदीच इतकं घाबरलेलं. मी पन झोपले असते तर त्यांनी हातपाय गालले असते. मना वाटलं, त्यांचं निस्तरू दे, मग माजं बगू."

"मला सांगायचं होतंत."

"तुला सांगून काय? तू रिपोट सांगत नायस ना कोनाला. ठावं हाय मना, समद्या कालनीला ठावं हाय." ती हसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तितं बाजूच्या खाटेवर एक बाई व्हती. माज्याच वयाची. पालथं झोपायला सांगायचे आमाला, दोगींना. तोंड एकमेकींकडं. बोलता यायचं नाय, नुसतं बगायचो. पाचव्या दिवशी तिची खाट पुसून काडली." 

  तिने तांदूळ डब्यात ओतले आणि विचारलं, जेवून जातेस काय. मला लॅबला परत जायचं होतं, काकांची नळी पेटीत होती, दुपारचे पेशंट खोळंबले असणार होते. मी हो म्हणाले.